स्लीव्ह की बायपास? खान्देशातल्या रुग्णाने वजनाचे ऑपरेशन निवडताना काय तोलावे

वजन कमी करण्याचे ऑपरेशन करा असे डॉक्टरांनी सांगितले की घरात चर्चा सुरू होते ती खर्चाची आणि भीतीची. कोणते ऑपरेशन करायचे, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा सर्जनवर सोपवून सगळे मोकळे होतात. आमच्या घरात दोन्ही ऑपरेशने झाली आहेत. मी अमळनेरची. पाच वर्षांपूर्वी माझे वजन १०४ किलो होते, मधुमेहाला नऊ वर्षे झाली होती, तेव्हा मी जठराचा बायपास करून घेतला. चोपड्याकडे केळी आणि कापूस करणाऱ्या माझ्या चुलत दिरांचे वजन ११२ किलो होते. त्यांनी त्यानंतर वर्षभराने स्लीव्ह केली. दोघांचीही ऑपरेशने नीट पार पडली आणि दोघांनाही पश्चात्ताप नाही. तरी आज आमचे औषधांचे डबे उघडून शेजारी ठेवले तर ते एकमेकांसारखे मुळीच दिसत नाहीत. माझ्या डब्यात लोह, कॅल्शियम सायट्रेट, डी-३ आणि बी-१२ आहे. त्यांच्या डब्यात मल्टिव्हिटॅमिनच्या पट्टीशेजारी ॲसिडिटीची गोळी आहे, जी त्यांना रोज सकाळी उपाशीपोटी घ्यावी लागते. ऑपरेशन निवडणे म्हणजे यांपैकी कोणता डबा जन्मभर सांभाळता येईल हे निवडणे होय, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग उभा कापून बाहेर काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. भूक लावणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही कमी होते. आतड्याला हात लागत नाही, म्हणून ऑपरेशन तुलनेने सोपे आणि कमी वेळाचे असते. मात्र काढलेले जठर परत येत नाही. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून पुढे जाते. यात काही कापून टाकलेले नसते, परंतु दोन ठिकाणी जोड असतात, आणि बाजूला पडलेल्या जठरात साध्या दुर्बिणीने पोहोचता येत नाही. अनुभवी हातांत दोन्ही ऑपरेशनांतला मृत्यूचा धोका हजारात एकाच्या आसपास, म्हणजे साधारण पित्ताशयाच्या ऑपरेशनाइतका असतो. म्हणून केवळ भीतीपोटी एकाकडे झुकण्याचे कारण नाही.

किती किलो उतरतील, हा सर्वांचा पहिला प्रश्न असतो. ढोबळ मानाने स्लीव्हनंतर एकूण वजनाच्या २५ टक्के आणि बायपासनंतर ३० टक्के वजन वर्ष-दीड वर्षात उतरते. १०० किलोच्या माणसाला हा फरक पाच किलोंचा पडतो. फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. त्यांत जादा वजनापैकी, म्हणजे योग्य वजनाच्या वर जेवढे होते त्यापैकी, स्लीव्हच्या गटात ४३.५ टक्के, तर बायपासच्या गटात ५०.७ टक्के वजन उतरलेले राहिले होते. बायपास पुढे आहे, पण केवळ एवढ्या फरकासाठी बायपासचे ओझे पत्करावे, असे मला वाटत नाही. निर्णय फिरतो तो पुढच्या गोष्टींवर.

त्यांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ॲसिडिटी, आणि आपल्या भागात ती सांगायची राहून जाते. काळ्या मसाल्याची तर्री, शेवभाजी, ठेचा हे रोजचेच असल्याने छातीत जळजळणे आजार वाटतच नाही. गोळी घेतली की झाले. माझ्या दिरांनीही आधीच्या तपासणीत ‘ॲसिडिटी नाही’ असेच सांगितले होते, जरी त्यांच्या उशाशी इनोची पुडी कायम असे. स्लीव्हनंतर जठराची नळी अरुंद होते, आतला दाब वाढतो आणि आम्ल वर येण्याची शक्यता वाढते. स्वित्झर्लंडमधल्या चाचणीत ज्यांना आधीपासून हा त्रास होता, त्यांच्यापैकी स्लीव्हनंतर जवळजवळ ३२ टक्क्यांचा त्रास पाच वर्षांत वाढला. बायपासनंतर हे प्रमाण सुमारे ६ टक्के होते. फिनलंडच्या चाचणीत दहा वर्षांनी अन्ननलिकेला सूज स्लीव्हच्या गटात ३१ टक्के आणि बायपासच्या गटात ७ टक्के लोकांना आढळली. त्यामुळे ज्याला आठवड्यातून दोन-तीनदा जळजळ होते, रात्री आंबट पाणी घशाशी येते, किंवा एन्डोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत, मोठा हायाटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला) दिसला आहे, त्याने बायपासचाच विचार आधी करावा. ऑपरेशनापूर्वी एन्डोस्कोपी न करता कोणी स्लीव्हची तारीख देत असेल, तर ती तारीख घेऊ नये.

दुसरी गोष्ट मधुमेहाची. दोन्ही ऑपरेशनांनी साखर उतरते आणि अनेकांची औषधे वजन उतरण्याआधीच, पहिल्या काही दिवसांत कमी करावी लागतात. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड येथील चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१७ साली आले. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६ किंवा त्याखाली राहिलेले रुग्ण बायपासमध्ये २९ टक्के, स्लीव्हमध्ये २३ टक्के आणि नुसत्या औषधांवर ५ टक्के होते. मधुमेह नवा असेल आणि इन्सुलिन सुरू झाले नसेल, तर यश जास्त मिळते. माझे इन्सुलिन सुटले, एक गोळी मात्र राहिली, आणि तसे होऊ शकते हे मला आधी सांगितलेले असल्याने मी निराश झाले नाही.

बायपासच्या विरुद्ध बाजूला दोन सवयी येतात. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅकसारखी गोळी आणून घेणे ही शेतात राबणाऱ्या माणसाची सवय असते, आणि बायपासच्या जोडावर या गोळ्यांनी व्रण होतो, तो फुटूही शकतो. विडी-सिगारेटनेही तेच होते. ज्याला संधिवातासाठी अशा गोळ्या कायम घ्याव्याच लागणार आहेत, किंवा विडी सुटण्याची खात्री नाही, त्याच्यासाठी स्लीव्ह अधिक सुरक्षित. माझ्या दिरांनी स्लीव्ह निवडली ती मुख्यतः कंबरेच्या दुखण्यामुळे, आणि रोजची ॲसिडिटीची गोळी धरूनही त्यांच्यासाठी ती निवड बरोबर होती, असे मी म्हणेन.

तिसरा मुद्दा पोषणाचा आहे, आणि तो शाकाहारी घरांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः आतड्याच्या ज्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते, त्यालाच बायपासमध्ये वळसा पडतो. म्हणून या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, आणि पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यात, नंतर दरवर्षी रक्त तपासावे लागते. स्लीव्हनंतरही तपासण्या सुटत नाहीत, पण कमतरतेचे प्रमाण कमी असते. आपल्याकडे मिनी बायपासही पुष्कळ होतात. त्यात जोड एकच असतो, साखर चांगली उतरते, पण आतड्याला वळसा लांब दिला तर प्रथिने आणि चरबी शोषली जात नाहीत. फ्रान्समधल्या चाचणीत २०० सेंटिमीटरचा वळसा दिलेल्या मिनी बायपासच्या रुग्णांचे वजन नेहमीच्या बायपासइतकेच उतरले, परंतु कुपोषण आणि जुलाबाचे प्रकार जास्त झाले. मिनी बायपास सुचवला गेला, तर किती सेंटिमीटर वळसा देणार, हे सर्जनना स्पष्ट विचारावे. अंडीही न खाणाऱ्या व्यक्तीने तर विचारलेच पाहिजे.

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड या इंजेक्शनांचाही पर्याय आता आहे. चाचण्यांत त्यांनी अनुक्रमे सुमारे १५ आणि २१ टक्क्यांपर्यंत वजन उतरले, पण थांबवल्यावर ते बऱ्याच अंशी परत येते. ज्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन मोजणारा आकडा) ३५ च्या खाली आहे, त्याने आधी हा मार्ग डॉक्टरांशी बोलावा. वजन कमी करण्यासाठी जठरात ठेवतात तो फुगा साधारण सहा महिन्यांत काढावा लागतो, तेव्हा कायमच्या उपायात त्याची गणना करू नये.

पात्रतेबाबत एक अडचण अनेकांना उशिरा कळते. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार आशियाई लोकांना बीएमआय २७.५ पासून ऑपरेशनाचा विचार करता येतो. विम्याच्या प्रमाणित अटींत मात्र बीएमआय ४०, किंवा अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार वा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार असल्यास ३५ लागतो. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसासाठी ३५ म्हणजे ९५ किलो आणि ४० म्हणजे १०९ किलो. त्यामुळे डॉक्टर योग्य म्हणतात आणि विमा कंपनी नाकारते, असे होऊ शकते. मंजुरी लेखी हातात येईपर्यंत भरती होऊ नये.

आता बरे होण्याविषयी. ऑपरेशन कुठे करायचे यापेक्षा कधी करायचे, याचा विचार खान्देशात अधिक करावा, असे मी सांगेन. पहिले दोन महिने पाणी घोटाघोटानेच जाते, एका वेळी अर्धा पेलाही पोटात मावत नाही, आणि तरी दिवसभरात दीड ते दोन लिटर घ्यायचे असते. भुसावळ-जळगावच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा हे जवळजवळ अशक्य होते. बायपासनंतर मूतखड्याचा धोका मुळातच वाढतो, त्यात पाणी कमी पडले तर विचारायलाच नको. मी दिवाळीनंतर केले, आणि उन्हाळा येईपर्यंत पाण्याची सवय बसली होती. दिरांनी मार्चमध्ये केले. मेमध्ये त्यांना दोनदा सलाइन लावावे लागले.

नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सुरत वा मुंबई, कुठेही ऑपरेशन केले तरी तिसऱ्या दिवशी घरी जायला मिळते म्हणून लगेच गाडीत बसू नये. टाक्यांतून गळती होत असेल तर ती बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत कळते, म्हणून निदान आठ-दहा दिवस त्याच शहरात राहावे. नाडी १२० च्या वर राहणे, ताप, वाढती पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, धाप लागणे, पोटरी सुजणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. परतीच्या प्रवासात तासा-तासाला उतरून पाच मिनिटे चालावे.

पहिले दोन आठवडे पातळ, मग दोन आठवडे गाळलेले-घोटलेले, नंतर मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी घरचे जेवण, हा क्रम दोन्ही ऑपरेशनांत जवळपास सारखा. मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचे टोपण धुऊन घेतले होते. त्यात १५ मिलिलिटर मावायचे. उडदाच्या डाळीचे वरचे पाणी, बिनतिखटाचे, त्या टोपणात ओतून एकेक घोट पाच मिनिटांच्या अंतराने घ्यायचा. वाटीभर डाळीला तास जायचा, आणि सासूबाई दारात उभ्या राहून म्हणायच्या, “इतलंच खास का वं तू?” आग्रहाला नाही म्हणणे हे आपल्या घरांत औषध घेण्याइतकेच शिकावे लागते, आणि ते रुग्णाने एकट्याने शिकून चालत नाही. नंतर मात्र उडदाची घट्ट डाळ हाच माझा मोठा आधार झाला. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात, ती दूध, पनीर, डाळ आणि पावडर मिळून कशीबशी भरतात. कळण्याची भाकरी कोरडी अडकते. डाळीत पूर्ण कुस्करून सहा आठवड्यांनी ती गेली. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही.

बायपास करणाऱ्यांनी गोडाविषयी गंभीर राहावे. पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी खापरावरच्या पुरणपोळीला हात लावला नाही, पण आमरस अर्धी वाटी घेतला. पंधरा मिनिटांत छाती धडधडू लागली, अंगाला दरदरून घाम फुटला, पोटात पिळ पडला आणि मी चुलीजवळच्या फरशीवर आडवी झाले. साखर एकदम आतड्यात उतरल्याने असे होते, आणि त्याला डम्पिंग म्हणतात. स्लीव्हमध्ये हे कमी होते. माझ्या दिरांना आमरस सहज पचतो, आणि त्यांचे वजन ८४ पर्यंत उतरून पुन्हा ९० झाले, त्यात या पचण्याचाही वाटा आहे.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, ते बहुधा परत येतात. उलट्या थांबत नसतील तर मात्र अंगावर काढू नये. बी-१ कमी पडून मेंदूला इजा होते, म्हणून त्याचे इंजेक्शन लगेच घ्यावे लागते. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, त्यासाठी बहुधा सहा महिने गोळी देतात. मूल हवे असलेल्या स्त्रियांनी बारा ते अठरा महिने थांबावे, आणि बायपासनंतर नुसत्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये. शेतकऱ्याने सहा आठवडे पाठीवर फवारणीचा पंप घेऊ नये. भरलेला पंप वीस किलोंच्या आसपास जातो.

बायपासचा एक धोका वर्षांनंतरही उरतो. वजन उतरल्यावर पोटातल्या फटी मोठ्या होतात आणि त्यांत आतडे अडकू शकते. जेवणानंतर कळ येऊन जाणारी पोटदुखी गावातल्या दवाखान्यात गॅस म्हणून इंजेक्शन देऊन परत पाठवली जाते. माझ्याबाबत एकदा तसे झाले, आणि सीटी स्कॅन दुसऱ्या दिवशी धुळ्याला गेल्यावरच झाला. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये लॅमिनेट केलेला एक कागद असतो. त्यावर ऑपरेशनाचे नाव, तारीख, सर्जनचा फोन, आणि खाली ठळक अक्षरांत दोन ओळी आहेत: डायक्लोफिनॅक देऊ नये. पोटदुखी असल्यास सीटी स्कॅन करून सर्जनशी बोलावे.