होडीवरच्या शेगडीचे धुराडे आणि सायलेन्सरची पट्टी : वापरून पाहिल्यानंतरचे परीक्षण

धायरीतल्या एका शेडमध्ये आम्ही भावांनी बांधलेली केबिनची छोटी लाकडी होडी लवकरच कोकण किनाऱ्यावर न्यायची आहे. तिच्यावर स्वयंपाकासाठी गॅस ठेवायचा नाही हे आधीच ठरले होते, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो होडीच्या तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीने पेट घेऊ शकतो. म्हणून लाकूड-कोळशाची लोखंडी शेगडी बसवली आणि तिचे १०० मिलिमीटर व्यासाचे स्टेनलेस स्टीलचे धुराडे प्लायवूडच्या छतातून वर काढले. बसायच्या फळीपासून ते हातभर अंतरावर आहे. होडी हलली की माणूस आधाराला जे सापडेल ते धरतो, त्यामुळे धुराड्याला आवरण घातल्यावाचून गत्यंतर नव्हते.

पुण्यात यासाठी सर्वांत सहज मिळणारी वस्तू म्हणजे मोटारसायकलच्या सायलेन्सरवर गुंडाळायची काचतंतूंची पट्टी. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत ती दोन इंच रुंदीच्या गुंडाळीत मिळते आणि सोबत स्टीलचे टाय येतात. आम्ही घेतलेल्या पट्टीचे विणकाम घट्ट आणि कडा सरळ होत्या. किमतीच्या मानाने माल चांगला आहे. मात्र पाकिटावर हजार अंशांच्या पुढचा दावा छापला होता, तो मान्य करता येणार नाही. साधा काचतंतू साधारण ५५० अंश सेल्सिअसपर्यंत सलग वापरता येतो, त्यापुढे तो ठिसूळ होऊ लागतो आणि ८४० अंशांच्या सुमारास मऊ पडतो. आमच्यासारख्या छोट्या शेगडीच्या धुराड्याला ही मर्यादा पुरते, पण शेगडीच्या तोंडाशी, जिथे ज्वाला कधीकधी पाइपात शिरते, तिथे ही पट्टी लावू नये.

गुंडाळताना पट्टी पाण्यात भिजवून घ्यावी. ती घट्ट बसते आणि तंतू हवेत कमी उडतात. कापायच्या जागी आधी कागदी चिकटपट्टी लावून तिच्या मधोमध कात्री चालवली की टोके उसवत नाहीत. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे हवेतच, कारण हे तंतू कातडीत रुतले की खाज लवकर थांबत नाही. पहिल्यांदा शेगडी पेटवल्यावर पट्टीतला चिकटद्रव जळून बराच धूर निघतो, तेव्हा ती पहिली आंच केबिनची सगळी झाकणे उघडी ठेवूनच द्यावी.

आता मुख्य प्रश्न असा, की पट्टीने उष्णता कितपत अडते. इन्फ्रारेड थर्मामीटरने चकचकीत स्टेनलेसचे तापमान मोजले तर ते प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी दिसते, म्हणून आम्ही पाइपावर उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर मोजले. शेगडी पूर्ण पेटल्यावर उघडा पाइप २८० अंशांच्या आसपास होता. पट्टीचे दोन थर चढवल्यावर बाहेरचा पृष्ठभाग १९० च्या घरात आला. तापलेल्या धातूला पाच सेकंद हात लागला तरी गंभीर इजा होऊ नये यासाठी ६० अंशांची मर्यादा मानली जाते. पट्टी धातूइतक्या वेगाने उष्णता हाताला देत नाही, त्यामुळे ओझरता स्पर्श झाल्यास ती थोडे वाचवते; पण तिच्यावर विसंबून तोल सावरण्यासाठी धुराडे धरावे इतके संरक्षण ती देत नाही. शिवाय आवरणाखालचा पाइप आधीपेक्षा अधिक तापतो, कारण उष्णतेची बाहेर पडायची वाट अडलेली असते. धूर गरम राहून ओढ सुधारते आणि डांबरासारखा थर कमी साचतो हा त्याचा फायदा. आतल्या पाइपाचे आयुष्य घटते ही त्याची किंमत.

छतातून जाण्याच्या जागी तर पट्टी अगदीच अपुरी आहे. लाकूड एरवी अडीचशे ते तीनशे अंशांच्या आसपास पेट घेते, परंतु शंभर अंशांच्या वर महिनोन्महिने भाजत राहिले की ते हळूहळू काळवंडते आणि त्याहून बऱ्याच कमी तापमानालाही पेटू शकते. त्यामुळे पहिल्या दिवशी काही झाले नाही म्हणजे जोडणी सुरक्षित आहे, असे समजता येत नाही. या जागेसाठी आम्ही भोसरीतल्या औद्योगिक मालाच्या दुकानातून २५ मिलिमीटर जाडीचे, १२६० अंशांच्या श्रेणीचे सिरॅमिक ब्लँकेट, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या सिरॅमिक तंतूंची मऊ गादी, आणले. एरवी पूर्ण गुंडाळी विकणाऱ्या त्या दुकानदाराने विनंतीवरून हवा तेवढा तुकडा कापून दिला, घनता विचारल्यावर घनमीटरला १२८ किलोचा माल वेगळा काढून दाखवला आणि मास्कशिवाय हात लावू नका असे आपणहून बजावले. या सेवेला मी पूर्ण गुण देईन.

त्याच शेगडीवर, त्याच आंचेला या ब्लँकेटचा बाहेरचा पृष्ठभाग नव्वदीच्या आसपास राहिला. त्याभोवती एक इंच मोकळी हवा सोडून, वर-खाली उघडा असा पातळ स्टेनलेसचा पत्रा बसवल्यावर तो पत्रा हाताला सोसवेल इतकाच कोमट लागला. या पत्र्याचे काम ब्लँकेटइतकेच मोलाचे आहे, कारण त्या फटीतून वाहणारी हवा उष्णता सतत वर घेऊन जाते. छतातले भोक पाइपापेक्षा पुष्कळ मोठे ठेवून त्यात धातूची कडी बसवली आहे, आणि पाइप कडीत जखडलेला नाही. स्टेनलेसचा एक मीटर पाइप तीनशे अंशांनी तापला की सुमारे पाच मिलिमीटर लांबतो. त्याला सरकायला जागा नसेल तर तो छत तरी उचलतो किंवा सांधा तरी उघडतो.

ब्लँकेटचा दोष लपवण्यात अर्थ नाही. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात जाऊ शकतात आणि कर्करोगाला कारणीभूत ठरण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत त्यांची गणना होते. त्यामुळे ते केबिनमध्ये उघडे ठेवू नये. दोन पत्र्यांच्या मध्ये बंदिस्तच करावे. शरीरात विरघळणाऱ्या तंतूंचा प्रकारही मिळतो, आणि राहत्या जागेसाठी तोच मागून घेणे उत्तम. एका दुकानात आम्हाला स्वस्तातली ॲस्बेस्टॉसची दोरी सुचवली गेली होती. ती कोणी फुकट दिली तरी घेऊ नये.

आमच्या होडीवर आता पट्टी फक्त फळीसमोरच्या भागात, जाळीच्या कठड्यामागे ठेवली आहे, आणि छतापाशी ब्लँकेट व पत्रा आहे. शेगडीलगतच्या सांध्यावर मुद्दाम आवरण घातलेले नाही, कारण आवरणाखाली तो सुटला तर दिसत नाही, कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये पसरते आणि त्याला वास नसतो. त्यासाठीचा गजर फळीच्या डोक्याशी लावला आहे. समुद्रावर पट्टी खारे पाणी शोषून धरते आणि गरम स्टेनलेसला क्षारांचा सहवास मानवत नाही, म्हणून दर पावसाळ्यानंतर ती पूर्ण सोडून खालचा पाइप तपासावा आणि नवीच पट्टी गुंडाळावी. त्या किमतीत हे सहज परवडते.