जळगावला विमान, भुसावळला गाडी: मधले सहा तास कुठे घालवायचे?

अलीकडे आमच्या घरी पाहुण्यांचा एक नवाच प्रकार सुरू झालाय. मुंबई, पुणे, गोवा नाहीतर हैदराबादहून पंख्याच्या छोट्या विमानानं जळगावला उतरायचं आणि रात्री भुसावळहून खंडव्याकडची किंवा नागपूरकडची गाडी धरायची. मधे सहा-सात तास मोकळे. मग फोन येतो, "अजिंठा होईल का हो?"

होतो. पण प्रत्येकाचा होत नाही.

अजिंठ्याच्या बाजूनं पहिली गोष्ट म्हणजे विमानतळ आहे कुसुंब्याला, अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालाच. म्हणजे गावात शिरायची गरजच नाही. बाहेर पडलात की गाडीचं तोंड फर्दापूरकडे. रस्ता साधारण पन्नास-साठ किलोमीटरचा, तास-सव्वा तास धरा. पण खरा वेळ पुढे जातो. फर्दापूरच्या तिठ्यावर आपली गाडी लावायची आणि तिथून चार किलोमीटर लेण्यांच्या बसनं जायचं. सुट्टीच्या दिवशी या बसची रांग किती लांबेल ते कुणी सांगू शकत नाही. माझ्या मेहुण्यांना एकदा मोठ्या उत्साहानं घेऊन गेलो. दुपारचे तीन वाजले होते, शाळांच्या सहली आलेल्या, रांग पाहिली आणि घड्याळ पाहिलं. तिठ्यावरच चहा घेऊन परत फिरलो. मेहुणे अजून लग्नाकार्यात तो किस्सा सांगतात.

म्हणून माझा हिशेब असा: विमान बाराच्या आत उतरत असेल आणि गाडी रात्री आठनंतरची असेल तरच अजिंठा. सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा विचारच नको. एकूण 30 लेण्या आहेत, सगळ्या बघायचा हट्ट धरू नका. चित्रांसाठी 1, 2, 16 आणि 17 नंबरच्या, आणि शेवटी 26व्या लेण्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध. एवढ्याला अडीच तास पुरतात. परतताना जळगावला यायची गरज नाही, पहूरहून जामनेरमार्गे थेट भुसावळ गाठता येतं. यासाठी गाडी दिवसभराची ठरवा. एसटीच्या भरवशावर हा बेत करू नका, आणि बॅगाही त्याच गाडीत राहतात हा फायदा वेगळा.

एप्रिल-मे असेल तर मात्र वरचं सगळं विसरा. पारा 45च्या पुढे जातो आणि ती घोड्याच्या नालेसारखी दरी दुपारी भट्टी होते. आमच्याकडचे लोकही त्या दिवसांत दुपारी दार उघडत नाहीत.

उन्हाळ्यात, किंवा हातात पाचच तास असतील तर, जळगावातच थांबा. शिरसोली रस्त्याला जैन हिल्सवर गांधीतीर्थ हे गांधीजींवरचं संग्रहालय आहे. मार्च 2012मध्ये विमानतळ आणि गांधीतीर्थ ही दोन्ही उद्घाटनं तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्याच हातून झाली, त्या मूळच्या इथल्याच. गांधीजींचं आयुष्य दालनादालनांतून उलगडत जातं, निदान दोन तास लागतात, आणि घाई केली तर काहीच हाती लागत नाही. लहान मुलं कंटाळतील असं मला वाटलं होतं. माझी भाची मात्र बाहेर यायलाच तयार नव्हती. परिसरात झाडी आहे, शांतता आहे. विमानाच्या आवाजानं डोकं उठलेलं असेल तर तेवढ्यानंही बरं वाटतं.

आणि जेवण. जळगावचा पर्याय पुढे सरकतो तो इथे. थंडीत आलात तर भरीत खाल्ल्याशिवाय जाऊ नका. इथली वांगी हिरवी, मोठी, कमी बियांची, त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालंय. कपाशीच्या काड्यांवर भाजायची, हिरवी मिरची-लसूण घालून लाकडी भांड्यात ठेचायची, वर शेंगदाणे आणि कांद्याची पात. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. शहरात भरीत किलोवर विकणारी दुकानं आहेत, तिथून बांधून घेतलं तर रात्रीच्या गाडीत जेवण झालं. फक्त डब्यात उघडाल तेव्हा शेजारच्यांना विचारायची तयारी ठेवा, वास लपत नाही. उन्हाळ्यात भरिताला तो स्वाद नाही, तेव्हा शेवभाजी. ती झणझणीत असते. पहिल्यांदा खाणाऱ्यानं तर्री कमी मागावी.

सोन्याच्या बाजाराबद्दलही लोक विचारतात. जळगावचं सोनं नावाजलेलं आहे खरं, पण गाडी धरायच्या घाईत दागिना घेऊ नये.

तिसरा पर्याय बहुतेकांना माहीतच नसतो, आणि मला विचाराल तर संध्याकाळची गाडी असणाऱ्यांसाठी तो सगळ्यात चांगला. भुसावळहून वरणगाव ओलांडून मुक्ताईनगरच्या दिशेनं गेलात की तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं जुनं दगडी मंदिर आहे. चौदाशे वर्षं जगले म्हणतात त्या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरंच पत्र पाठवलं आणि एवढं जगूनही हा कोराच राहिला असं मुक्ताई म्हणाली, तेच हे चांगदेव. पुढे त्यांनी तिलाच गुरू केलं. ती मुक्ताई जिथे विजेच्या कडकडाटात गुप्त झाली असं मानतात, ती जागाही इथेच तापीकाठी. हतनूर धरणाचं पाणी इथपर्यंत पसरलेलं असतं, त्यामुळे खानदेशात असून समोर एवढं पाणी दिसतं की कोकणातला पाहुणाही क्षणभर गप्प होतो. थंडीत पाणपक्षी उतरतात. महाशिवरात्रीला मात्र मोठी यात्रा असते, त्या दिवशी घाईच्या माणसानं या वाटेला जाऊ नये. भुसावळहून जाऊन-येऊन तीन तास पुरतात, शिवाय स्टेशन जवळ राहतं, म्हणून जिवाला घोर नाही.

नुसतं भुसावळला थांबायचं असेल तर फार सांगण्यासारखं नाही. सामान क्लोकरूमला ठेवता येतं, पण बॅगेला कुलूप हवं. सोबत म्हातारी माणसं असतील तर विश्रांतीगृहाची खोली आधीच आरक्षित करा, आणि मग कुठेही न जाता झोपा.

निघण्याआधी एकच तपासा: तुमची गाडी जळगावलाही थांबते का? थांबत असेल आणि तुम्ही गावातच फिरणार असाल, तर भुसावळपर्यंतचा पंचवीस किलोमीटरचा फेरा कशाला? मात्र मग तिकीटच जळगावहून काढा, भुसावळहून काढलेल्या तिकिटावर आधीच्या स्टेशनावरून चढता येत नाही. पूर्वेकडे जाणारी गाडी जळगावला आधी येते आणि मग भुसावळला, हे ऐन वेळी भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही.