पंपवाली आमिष-बादली: ब्लूगिलला चालते, शॅडला नाही

अमेरिकेत टेक्सास आणि ओक्लाहोमा यांच्या सीमेवरच्या टेक्सोमा तलावावर स्ट्रायपर (पट्टेरी बास, मोठा शिकारी मासा) गरवणाऱ्यांसाठी जिवंत आमिष ठेवायची पाच गॅलनची (१९ लिटर) इन्सुलेटेड बादली दुकानात सहज मिळते. झाकणाला दोन डी-सेलवर चालणारा हवेचा पंप, आत उचलता येणारी जाळीची टोपली आणि तळाशी बूच. बऱ्याच कंपन्यांची रचना हीच. ती घ्यावी की नाही, हे तिच्यात आमिषाचा कोणता छोटा मासा ठेवणार यावर ठरतं. ब्लूगिल ठेवणार असाल तर जरूर घ्या. शॅड ठेवणार असाल तर हे पैसे वाचवा आणि मोठ्या गोल टाकीत घाला.

शॅड हे स्ट्रायपरचं रोजचं जेवण, त्यामुळे आमिष म्हणून पहिली पसंती त्यालाच, यात वाद नाही. पण त्याचे खवले हात लागताच सुटतात, तो सतत पोहत राहतो आणि अरुंद भांड्यात भिंतीला तोंड आपटून घेतो. या बादलीत तो फार काळ टिकत नाही. ब्लूगिल चिवट. आपल्या काळुंदरासारखा चपटा, उंच अंगाचा, पाठीवर दहाएक काटे. कमी जागेत शांत उभा राहतो.

बादली १९ लिटरची असली तरी पाणी १३-१४ लिटरच भरा. वरची मोकळी जागा हवेसाठी लागते आणि पाणी हिंदकळून पंपापर्यंत जात नाही. एवढ्या पाण्यात तीन ते चार इंची ब्लूगिल आठ, फार तर दहा. त्याहून जास्त टाकले की मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागतात. हा पहिला इशारा. दुसरा इशारा पाण्यावर न फुटता साचणारा फेस: पाण्यात घाण वाढलेली असते. अशा वेळी बूच काढून निम्मं पाणी सोडा आणि तलावाचंच ताजं पाणी भरा. उन्हाळ्यात हे दर तासाला करावं लागतं.

पंपाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण बादली फसते ती इथेच. सेल उतरू लागले की आवाज चालूच राहतो, पण नळीच्या टोकाच्या सच्छिद्र हवेच्या दगडातून येणारे बारीक बुडबुडे मोठे आणि विरळ होतात. कानावर भरवसा ठेवू नका, झाकण उघडून बघा. झाकण दाबताना नळी कडेला चिमटली जाते, ती खाचेतूनच बाहेर काढा. पंप बंद पडला आणि तो बादलीबाहेर पाण्याच्या पातळीखाली लटकत असेल तर नळीतून पाणी उलटं चढून मोटार खराब करतं. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा छोटा एकमार्गी व्हॉल्व्ह नळीत बसवला की हा धोका जातो. तो बादलीसोबतच यायला हवा होता.

इन्सुलेशन ठीक आहे, पण त्याने गरमी लांबणीवर पडते, टळत नाही. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसात. म्हणजे मासा गरमीत जास्त धापा टाकतो आणि पाण्यात प्राणवायू कमी. गोठवलेली, घट्ट झाकणाची अर्ध्या लिटरची बाटली पाण्यात सोडा. सुटा बर्फ नको, तो नळाच्या क्लोरीनच्या पाण्याचा असतो. एकदम गारही करू नका, एका वेळी दोन-तीन अंश पुरे.

टोपलीची जाळी नायलॉनची आहे आणि ब्लूगिलचे काटे तिच्यात अडकतात. ओढून सोडवला की पर फाटतो. रबरी जाळीचं छोटं हातजाळं वापरलं की हा त्रास राहत नाही.

गरी ४/० किंवा ५/० मापाची सर्कल (टोक आत वळलेली गोल गरी). बोट वाऱ्यावर वाहू देत असाल तर पाठीच्या पराच्या मागे, कातडीखालून उथळ ओवा. आमिष बोटीमागे हळू ओढत असाल तर नाकपुड्यांतून. खोल टोचलीत तर उंच अंगाचा ब्लूगिल गरीचा सगळा गाळा (टोक आणि दांडी यांमधली जागा) भरून टाकतो आणि स्ट्रायपरच्या तोंडात रुतायला टोकच उरत नाही. चावा वाया जाण्याचं हे मुख्य कारण. पाठीचे काटे छाटावेत असं बरेच जण मानतात. आमच्या मते शेपटीच्या एका पाकळीचं टोक कात्रीने उतरवणं जास्त कामाचं, मासा वेडावाकडा पोहतो. चावा आल्यावर हिसका देऊ नका. काठी वाकू द्या आणि रीळ फिरवत राहा, गरी जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसते.

आता कायदा, कारण बादलीचा वापर त्यानेच आखून दिला आहे. टेक्सासमध्ये गेम फिश (कायद्याच्या यादीतले शिकारीचे मासे) आमिष म्हणून चालत नाही, पण ब्लूगिल त्या यादीत नाही. इतर राज्यांत नियम वेगळे आहेत, तिथले वाचूनच जा. टेक्सोमा ओक्लाहोमातही पसरलेला आहे, तेव्हा दोन्ही बाजूंना फिरणार असाल तर लेक टेक्सोमा लायसन्स घ्या. २००९ मध्ये इथे झेब्रा शिंपले सापडले, हे उपद्रवी शिंपले पाण्यासोबत दुसऱ्या तलावांत पसरतात. टेक्सासात तलाव सोडताना बोट आणि भांड्यांतलं सगळं पाणी काढावं लागतं. स्वतः पकडलेलं जिवंत आमिष तलावाच्या पाण्यात घालून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून ब्लूगिल तिथेच पकडायचे आणि तिथेच वापरायचे.

इथे तळाचं बूच उपयोगी पडतं, जड बादली न कलंडवता रिकामी होते. मात्र बुचाच्या खाचेत थोडं पाणी राहतं, ते कापडाने टिपा. टोपली, नळी आणि दगड वेगळे करून उन्हात कोरडे होऊ द्या, सेल काढून ठेवा.