जुन्या डेस्कटॉपमधील एसएसडी : पावसाळ्यानंतरचा अनुभव, आणि बराचसा केबलविषयी

सर्व्हिस सेंटरने माझी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर माहिती साठवणारी डिस्क, ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत पाठवली, तेव्हा तिच्याविषयी मी लिहून ठेवलेला मजकूर बराच कडक होता. तो आता उपयोगाचा राहिलेला नाही, कारण दोष खरोखरच एसएसडीत नव्हता. तो होता तिला मदरबोर्डशी जोडणाऱ्या लाल सॅटा केबलमध्ये, आणि केबलविषयी एखादा प्रश्न मला विचारावा असे त्या सेंटरमधील एकाही तंत्रज्ञाला वाटले नाही. एसएसडीचे वेगाचे आकडे खोक्यावर छापलेले असतात, ते येथे पुन्हा देत नाही.

संगणक 2012 साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुळवून घेतलेला आहे : कोअर आय3-2120 प्रोसेसर, एच61 चिपसेटचा मदरबोर्ड, 4 जीबी डीडीआर3 रॅम आणि 7200 आरपीएमची 500 जीबी हार्ड डिस्क. रत्नागिरीतील माझे डीटीपीचे काम आजही त्याच्यावरच चालते. नवीन यंत्र न घेण्यामागे काटकसर आहेच. शिवाय जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांमध्ये केलेल्या स्मरणिकांच्या आणि लग्नपत्रिकांच्या पेजमेकर फाइली या यंत्रावर बिनबोभाट उघडतात, आणि चालू असलेली घडी केवळ वेगासाठी मोडणे मला परवडणारे नाही.

विंडोज 10 आल्यापासून ते हळूहळू मंदावत गेले होते, परंतु गेल्या उन्हाळ्यापर्यंत परिस्थिती अशी झाली की, डेस्कटॉप दिसू लागल्यानंतरही बराच वेळ कोणताही प्रोग्राम उघडत नसे आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना 100 टक्क्यांवरून खाली उतरत नसे. यात गूढ असे फारसे नाही. 7200 आरपीएमच्या डिस्कला एक फेरा पूर्ण करायला 8.3 मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली येण्यासाठी सरासरी चार मिलिसेकंद जातात, आणि हेड हलण्याचे आठ-नऊ मिलिसेकंद त्यात मिळवले की विखुरलेल्या जागांवरची वाचने सेकंदाला पाऊणशे-ऐंशीच्या पुढे जात नाहीत. तेवढ्यात अपडेट, डिफेंडर आणि सर्च इंडेक्सिंग यांनी आपापला वाटा मागायचा आणि 4 जीबी रॅम अपुरी पडली म्हणून पेजफाइलही त्याच डिस्कवर लिहिली जायची, असा सगळा प्रकार होता.

गावातील दुरुस्तीवाल्यांनी ‘हार्ड डिस्क गेली, बोर्डही जुना झालाय, नवीनच घ्या’ असा निकाल यंत्राचे झाकण न उघडताच दिला. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये मात्र बदललेल्या सेक्टरांचा (सेक्टर म्हणजे डिस्कवरील साठवणीचा लहान कप्पा) 05 क्रमांकाचा आणि प्रलंबित सेक्टरांचा सी5 हा, असे दोन्ही आकडे शून्य होते, म्हणजे डिस्कची तबकडी शाबूत होती. त्याच तक्त्यात सी7 समोरचा आकडा शून्य नव्हता. त्याच्याकडे पुढे येतो.

सुमारे पावणेदोन हजार रुपयांची 240 जीबीची सॅटा एसएसडी आणि 4 जीबीची आणखी एक रॅम, एवढाच खर्च केला. एच61 चिपसेटमध्ये सॅटाचा 3 गिगाबिटचाच वेग आहे, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला 300 एमबीच्या आतच, त्यामुळे खोक्यावरचे पाचशेचे आकडे या यंत्रावर कधीच दिसणार नाहीत. पण विखुरलेले वाचन सेकंदाला हजारोंनी होऊ लागल्यावर त्या उणिवेची आठवणही होत नाही. पहिले काही आठवडे यंत्र इतके तरतरीत चालले की, ओळखीच्या दोन छापखान्यांनाही मी हाच उपाय सुचवला.

जुलैत पाऊस लागला आणि यंत्र पुन्हा बसले, तेही पूर्वीपेक्षा वाईट रीतीने. पूर्वी निदान माउस हलत असे. आता फाइल सेव्ह करताना माउसही अडखळू लागला, गाणे चालू असेल तर आवाज तुटू लागला, आणि टास्क मॅनेजरमध्ये ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ या एरवी शून्याजवळ असणाऱ्या ओळीपुढे मोठे आकडे दिसू लागले. वॉरंटी होती, म्हणून एसएसडी स्वतःच्या खर्चाने कुरिअर केली. दोन आठवडे तीच जुनी डिस्क लावून काम रेटले आणि शेवटी वर सांगितलेला शेरा हाती पडला. फोनवर विचारल्यावर ‘आमच्याकडे व्यवस्थित चालते आहे’ एवढेच उत्तर मिळाले. त्यांच्याकडे ती व्यवस्थित चालत होती याबद्दल माझी शंका नाही, कारण त्यांच्याकडे केबल वेगळी होती. असेच असेल तर ग्राहकाला केबल तपासून पाहण्याचा सल्ला देणाऱ्या एका वाक्याला किती खर्च येतो, हे मात्र मला समजलेले नाही.

उलगडा झाला तो दोन तक्ते शेजारी ठेवल्यावर. सी7 म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाहतुकीत आढळलेल्या सीआरसी चुकांची, म्हणजे मजकुरासोबत जाणारा पडताळणीचा आकडा न जुळण्याची, मोजणी. जुन्या डिस्कवर हा आकडा होताच, आणि काही महिनेच वापरलेल्या एसएसडीवरही तो होता, शिवाय रोज वाढत होता. (हा प्रोग्राम कच्चे आकडे षोडशमान पद्धतीत दाखवतो, त्यामुळे 1ए म्हणजे 26, हे ठाऊक नसले की वाढ लक्षात येत नाही.) डिस्क दोन, त्यांच्या जाती दोन, आणि दोन्हींना समाईक असलेली वस्तू एकच होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसे आम्ही सगळे डिस्कवरच पाणी ओतत होतो.

केबलमधील चुकीमुळे मजकूर सहसा बिघडत नाही, कारण सीआरसी जुळली नाही की तो तुकडा पुन्हा मागवला जातो. जातो तो वेळ. परंतु माझ्या बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, सॅटा कंट्रोलर आयडीई या जुन्या पद्धतीच्या मोडवर ठेवलेला होता, आणि या मोडमध्ये विंडोजचा ड्रायव्हर अशा चुका सहा वेळा मोजल्या की डीएमए या नेहमीच्या पद्धतीतील वेगाची एकेक पायरी उतरतो आणि शेवटी पीआयओ या सर्वांत संथ पद्धतीपर्यंत येतो. डीएमए पद्धतीत डिस्क आणि मेमरी यांच्यातील ने-आण परस्पर होते. पीआयओमध्ये प्रत्येक घास प्रोसेसरला स्वतः भरवावा लागतो, आणि तरीही वेगाची कमाल मर्यादा सेकंदाला 16.7 एमबी एवढीच असते. माउस अडखळत होता तो यामुळे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एटीए चॅनेलच्या प्रॉपर्टीजमधील अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडल्यावर चालू मोड पीआयओ दिसला, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये एटीएपीआय या डिस्कच्या ड्रायव्हरच्या नावावर 11 क्रमांकाच्या, म्हणजे कंट्रोलरच्या चुकीच्या, नोंदींची रांग लागलेली होती.

आता त्या केबलविषयी. यंत्र जुळवताना बोर्डाच्या खोक्यातून निघालेली, टोकाला धातूची क्लिप नसलेली अशी ती केबल आहे. सॅटाच्या अंतर्गत जोडणीचे मानक पन्नासच वेळा काढ-घाल धरून चालते. तेरा वर्षांत धूळ काढताना, डिस्क तपासताना ती किती वेळा निघाली असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. त्यात कोकणातली खारी, दमट हवा. त्यात एसएसडी बसवणाऱ्याने 2.5 इंचाचा ब्रॅकेट न लावता ती पिंजऱ्यात मोकळीच सोडली, त्यामुळे तिचे वजन आणि केबलचा पीळ यांचा ताण थेट जोडणीवर येत होता. पंखा चालू असताना ती किंचित थरथरते, हे मी स्वतः पाहिले. वीस-पंचवीस हजारांचे यंत्र विकणाऱ्याने दहा रुपयांच्या क्लिपवर काटकसर करावी, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दोन्ही टोकांना क्लिप असलेली केबल ऐंशी रुपयांना मिळाली आणि ब्रॅकेट त्याच्याहून थोड्या जास्त किमतीला. नुसती केबल बदलून वेग परत येत नाही, कारण उतरलेली पायरी विंडोज लक्षात ठेवते. डिव्हाइस मॅनेजरमधून ते चॅनेल अनइन्स्टॉल करून यंत्र पुन्हा सुरू करावे लागते. मी त्यापुढे जाऊन आयडीई मोडच काढून टाकला. एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट निवडायचे, यंत्र बंद करून बायोसमध्ये एएचसीआय हा सॅटासाठीचा नवा मोड ठेवायचा, सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्यायचे आणि मग सेफ बूटची खूण काढायची, असा हा क्रम आहे. तो न पाळता थेट बायोसमध्ये बदल केला तर निळा पडदा येण्याचा धोका असतो. त्याच बैठकीत बोर्डावरची सीआर2032 बॅटरीही बदलावी. ती संपली की वीज गेल्यावर बायोस मूळ सेटिंगवर जातो, आणि माझ्या बोर्डाचे मूळ सेटिंग आयडीई आहे.

नवीन केबलवर जुनी हार्ड डिस्कही एकदा लावून पाहिली. यंत्र पूर्वीपेक्षा स्पष्टपणे लवकर सुरू झाले, तरी टास्क मॅनेजरमधील 100 टक्के काही हटले नाहीत, म्हणून एसएसडीवरचा खर्च वाया गेला असे मी म्हणणार नाही. मात्र त्या मंदपणाचा एक मोठा हिस्सा ऐंशी रुपयांत गेला असता. एसएसडीला मी पूर्ण गुण देतो. तिच्या सर्व्हिस सेंटरला देत नाही.

सप्टेंबरपासून सी7चा आकडा होता तेथेच आहे; तो शून्य होत नसतो, फक्त वाढायचा थांबतो, आणि तेवढेच पाहायचे असते. विंडोज 10चा अधिकृत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि या प्रोसेसरवर विंडोज 11 नियमाने बसत नाही, म्हणून सुरक्षा अपडेटांच्या वाढीव मुदतीसाठी, म्हणजे 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतसाठी, नोंदणी केली आहे. त्यानंतर या यंत्राची इंटरनेटची वायर काढून ते केवळ पेजमेकरसाठी ठेवीन, आणि बँकेची व मेलची कामे मुलाच्या लॅपटॉपवर करीन.