एक दाबलं की दोन सुटतात: घरगुती गॅलागा, आठ महिन्यांनंतर

एक दाबलं की दोन सुटतात. गेला दीड महिना मी हे एकच वाक्य निरनिराळ्या लोकांना सांगतोय. गॅलागा मशीनच्या कस्टमर केअरच्या फॉर्ममध्ये लिहिलं, फोनवर तीन वेगवेगळ्या माणसांना सांगितलं, शेवटी व्हिडिओ काढून पाठवला. उत्तर आलं, ‘व्हिडिओत गेम व्यवस्थित चालताना दिसत आहे.’ चालतोय हो. गोळ्या दुप्पट चालतायत, तेच तर सांगतोय.

गॅलागा काय चीज आहे हे फार सांगत बसत नाही. खाली आपलं विमान, वर मधमाश्या, फुलपाखरं आणि त्यांचे बॉस रांगा करून बसलेले, ते झेपावतात आणि आपण गोळ्या झाडायच्या. नामको या जपानी कंपनीचा १९८१चा गेम, १९७९च्या गॅलॅक्सियनचा पुढचा भाग, अमेरिकेत मिडवेने आणलेला. आपल्यापैकी बहुतेकांनी तो आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवर, पाहिलेलाच नाही. टीव्हीला जोडायच्या एट-बिट व्हिडिओगेमच्या पिवळ्या कॅसेटमध्ये पाहिला, ‘९९९९ इन १’वाल्या, ज्यात खरे गेम पंधरा-वीस आणि बाकी त्यांचीच पिल्लं. नाशिकच्या घरी आमचा टीव्ही आडवा, त्यामुळे मैदान एका बाजूला कोंबलेलं आणि उजवीकडे स्कोअरची पट्टी. मूळ मशीनचा पडदा उभा असतो हे मला इथे न्यू जर्सीत आल्यावर कळलं. एका बोलिंग ॲलीच्या कोपऱ्यात जुनं मशीन होतं. पंचवीस सेंटची दोन नाणी टाकली, वरून घसरत येणाऱ्या बॉसला हुकवायला एवढी जागा मिळते हे बघितलं आणि तिथेच ठरवलं की हे घरी पाहिजे.

घरी आलं ते अर्थात खरं मशीन नाही. पाऊण उंचीचं, एलसीडी पडद्याचं घरगुती कॅबिनेट, मार्चमधल्या क्लिअरन्स सेलमध्ये ३९९चं २४९ डॉलरला. बायको म्हणाली, ‘त्यात डिशवॉशर आला असता.’ आला असता. डिशवॉशरमध्ये चॅलेंजिंग स्टेज नसते.

पहिले सहा महिने तक्रार शून्य. पडदा बाजूने पाहिला तर फिका पडतो, आवाजाचे दोनच टप्पे आहेत, मोठा आणि शेजाऱ्यांना ऐकू जाणारा, आणि स्टूल वेगळं घ्यावं लागलं, त्याचे पंचवीस. हे सगळं चालवून घेतलं, कारण गेम अस्सल आहे. मधमाश्या त्याच, गोल गिरकी घेऊन रांगेत बसणं तेच, कानाला ती धून तीच.

आता मुद्द्यावर येतो, आणि मुद्दा गोळ्यांचा आहे.

गॅलॅक्सियनमध्ये तुमची एकच गोळी पडद्यावर असू शकायची. ती लागेपर्यंत किंवा वर निघून जाईपर्यंत बटण कितीही बडवा, काही होणार नाही. गॅलागात तो बनवणाऱ्या शिगेरू योकोयामा आणि मंडळींनी ती मर्यादा दोनवर नेली. ऐकायला एवढीशी गोष्ट, पण सगळा खेळ तिच्यावर उभा आहे. गोळी लागली तर लगेच दुसरी मोकळी. चुकली, तर ती पडद्याच्या टोकापर्यंत रमतगमत जाणार आणि तेवढा वेळ तुमच्या खिशात एकच शिल्लक. दोन्ही चुकल्या तर तुम्ही हात चोळत उभे, समोरून फुलपाखरू येतंय. म्हणजे उधळपट्टीची शिक्षा जागच्या जागी होते. इतका आमच्या घराण्याला साजेसा गेम दुसरा नाही.

त्यात भर म्हणजे खेळ संपल्यावर येणारा हिशेब. किती गोळ्या झाडल्या, किती लागल्या, टक्केवारी किती. गेम ओव्हर झाल्यावर लोक स्कोअर बघतात, मी टक्के बघतो. उन्हाळ्यात मी ७० ते ७८च्या दरम्यान असायचो. फ्रिजवर चुंबकाने कागद लावला होता, तारीख आणि टक्के. बायकोने त्याच्यावर वाणसामानाची यादी लावली तरी मी यादी बाजूला सरकवून लिहीत होतो.

सप्टेंबरच्या शेवटी टक्के घसरायला लागले. ६६. ६१. ५४. आधी वाटलं, वय. मग वाटलं, चष्मा. डोळे तपासून घेतले, त्याचा कोपे, म्हणजे विम्यातला आपला हिस्सा, वेगळा भरला. नंबर तोच निघाला. मग एका शनिवारी दुपारी बेसमेंटमध्ये एकटा असताना मुद्दाम हळू खेळलो. एक मधमाशी, नीट नेम, बटण दाबलं आणि सोडलं. एक गोळी मधमाशीला लागली. दुसरी तिच्यामागून रिकाम्या आकाशात गेली. मी दुसरी झाडलीच नव्हती.

बटणाच्या पोटात एक मायक्रोस्विच असतो. दाबलं की खट, सोडलं की पुन्हा खट. आतली धातूची पात सैल झाली की सोडतानाच्या खटक्यालाही सर्किट क्षणभर पुन्हा जुळतं आणि मशीन समजतं की साहेबांनी परत दाबलं. दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मला हे कळलंही नसतं, तिथे माणूस बटण दाबूनच धरतो. इथे दोनच गोळ्यांचा रोख व्यवहार. त्यातली एक कोणीतरी परस्पर खर्च करतंय.

आणि सगळ्यात जास्त कुठे लागतं, तर चॅलेंजिंग स्टेजला. तिसरी स्टेज, मग दर चार स्टेजनंतर एक: सात, अकरा, पंधरा. शत्रू गोळ्या मारत नाहीत, आठ-आठच्या पाच टोळ्या नुसत्या नाचत निघून जातात. चाळीसच्या चाळीस पाडले तर बोनस १०,०००. एकोणचाळीस पाडले तर ३,९००. तो एक किडा ६,१०० गुणांचा आहे. माझं काय व्हायचं, टोळीतल्या पहिल्याला गोळी लागायची, भुताची गोळी वर निघायची, पुढच्याला मारली ती जराशी चुकायची, तिसऱ्या वेळी बटण मुकं. ३७, ३८, ३९. मी त्या तीन आकड्यांवर पाच आठवडे काढले.

सर्व्हिसचं थोडक्यात. वॉरंटी नव्वद दिवसांची, म्हणजे जूनमध्येच संपलेली. हे मला माहीत होतं आणि फुकट काही मागतही नव्हतो. एक बटण विकत द्या एवढंच म्हणणं. सुटं बटण मिळत नाही, पूर्ण कंट्रोल पॅनेल घ्या, ६५ डॉलर, शिपिंग वेगळं. २४९च्या वस्तूचं एक बटण बिघडलं म्हणून ६५? मी लिहिलं की मला फक्त तो आतला स्विच हवाय, मॉडेल नंबर तरी सांगा. उत्तरात पुन्हा पॅनेलची लिंक. तिसऱ्या मेलला सवलत: ५८.५०. तिथे माझं डोकं फिरलं आणि मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. इथपर्यंतचा मजकूर त्याच रागातला आहे, एक तारा देऊन.

आता पुढचं नंतर लिहिलेलं.

बाबा सध्या आमच्याकडे आहेत. बँकेत कॅशियर होते, वय चौऱ्याहत्तर, आणि त्यांना या मशीनचा नाद माझ्याहून वाईट लागलाय. दुपारी घरात कोणी नसलं की खाली असतात. मी कस्टमर केअरशी भांडत होतो ते सोफ्यावर बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले,

‘अरे, या खेळाला बटणं लागतात किती?’

‘एकच, बाबा.’

‘मग पॅनेलवर तीन कशाला?’

‘सगळ्या मॉडेलांना एकच पॅनेल लावत असतील. बाकीची दोन नुसतीच आहेत.’

‘मग त्या नुसत्याचं पोट काढून याला लाव की. पासष्ट डॉलर कशाला देतोस?’

मी गप्प. इंजिनियर मी आहे, हे इथे नमूद करावंसं वाटत नाही.

प्लग काढला, मागची फळी खोलली, सहा स्क्रू. आतून पॅनेल म्हणजे अगदीच पोकळ पेटी. प्रत्येक बटणाखाली एक काळा चौकोनी स्विच, त्याला दोन वायरी चपट्या पिनांवर नुसत्या खोचलेल्या. वायरी उपसल्या, स्विच अंगठ्याने जरा वाकवला की खाचेतून निघतो. तिसऱ्या बटणाचा कोरा स्विच पहिल्यात, पहिल्याचा म्हातारा तिसऱ्यात. वायरींची अदलाबदल करायची नाही, त्या जिथल्या तिथे परत. बाबा टॉर्च धरून उभे होते आणि स्क्रू एका वाटीत मोजून ठेवत होते. पाऊण तास लागला, त्यातला अर्धा तास खाली पडलेली एक पिन शोधण्यात. खर्च शून्य. एक दाबलं, एक सुटली. मी दहा-बारा वेळा नुसतंच दाबून पाहिलं.

तेव्हा एकाचे तीन तारे करतोय. सर्व्हिसचे दोन कापलेलेच राहतील.

आणि रागाच्या भरात वर जे टक्केपुराण लावलंय, त्यातही थोडं मागे घ्यायचंय. बाबा आल्यापासून स्कोअरबोर्डवर वरचं नाव त्यांचं आहे. त्यांचे टक्के? पन्नाशीत. मी ७८ टक्क्यांनी ६०,०००च्या आसपास मरतो, ते ५२ टक्क्यांनी लाखाच्या पुढे जातात. टक्क्यांना गुण मिळत नाहीत, शून्य, हे मला माहीत होतं, पण पटलेलं नव्हतं. नीट नेम धरण्यासाठी मी थांबतो, आणि थांबतो तोवर बॉस दोन अंगरक्षक घेऊन माझ्या डोक्यावर. त्याला दोन गोळ्या लागतात. रांगेत बसलेला मारला तर १५०, दोन साथीदारांसकट झेपावताना मारला तर १,६००. मी १५०वाले मारत बसायचो, स्वस्तात आणि खात्रीने. बाबा खाली येऊ देतात.

बॉस खाली येऊन आपलं विमान ओढून घेणारा निळा पट्टा सोडतो, त्याचंही तसंच. आपलं विमान त्याला मुद्दाम पकडू द्यायचं, मग तो झेपावत येताना त्याला पाडून विमान सोडवायचं, की दोन विमानं शेजारी शेजारी, मारा दुप्पट. मला ते आठ महिने जमलं नाही, कारण हातातलं विमान देववत नाही. बाबांना ती मुदतठेव वाटते. ‘दिल्याशिवाय दोन कशी होतील?’ एकदा मात्र घाईत त्यांनी बॉस रांगेत असतानाच मारला. तसं केलं की विमान परत मिळत नाही, उलट तेच आपल्या अंगावर येतं. बाबा बराच वेळ त्या लाल विमानाकडे बघत म्हणाले, ‘बुडीत खातं.’ आणि शेवटचं विमान कधी गुंतवायचं नाही, ते गेलं की खेळच संपतो, हा धडा ते पहिल्याच आठवड्यात शिकले.

एक प्रयोग केला, तो सांगून टाकतो. पहिल्या स्टेजला अगदी डावीकडच्या दोन मधमाश्या सोडून सगळ्यांना मारायचं आणि मग त्या दोघींना न मारता नुसतं हुकवत राहायचं, पंधराएक मिनिटं. हळूहळू त्यांच्या गोळ्या बंद होतात, आणि त्यानंतर पूर्ण गेममध्ये कोणीच गोळी मारत नाही. मूळ प्रोग्रॅममधली ही चूक आहे, घरगुती कॅबिनेटमध्येही जशीच्या तशी आली आहे, म्हणजे आतला गेम मूळचाच. शत्रूच्या काही गोळ्या कडेला अडकून बसतात, त्यांची जागा मोकळी होत नाही, सगळ्या जागा भरल्या की नवीन गोळी निघायला वावच नाही. म्हणजे जो नियम आपल्याला लागू, त्यातच तेही सापडतात. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. खेळायला मात्र मजा आली नाही. वीस मिनिटांत कंटाळलो, बायकोने जेवायला हाक मारली तेव्हा मी होऊन प्लग काढला.

घ्यायचं असेल तर सेलमध्येच घ्या, स्टूल घरचं वापरा. आणि दुकानात पॅनेलवरची बटणं मोजून पाहा. जास्तीची असतील तर तीच तुमची वॉरंटी. तिसरं बटण आता नुसतं शोभेला आहे. मुलाचे मित्र येतात, ते दाबतात, काहीच होत नाही, मला आतून हसू येतं.

काल रात्री स्टेज सात. चौथ्या टोळीपर्यंत ३२ पैकी ३२, बाबा मागे उभे, श्वास रोखून. ३९. शेवटची उजव्या कोपऱ्यातून निसटली. मी वळून म्हणालो, ‘बटण...’ बाबा म्हणाले, ‘एकच सुटली होती. मी बघत होतो.’