उघडलेले प्रोग्राम सांभाळायला प्लँक डॉक कसा आहे

डॉक म्हणजे स्क्रीनच्या कडेला असलेली प्रोग्रामच्या आयकॉनची पट्टी. तिचा रिव्ह्यू म्हटलं की लोक आयकॉन किती छान दिसतात, झूम किती स्मूथ होतो, थीम किती मिळतात यावरच बोलतात. मला त्यात फारसा रस नाही. प्रोग्राम उघडायला मेनू आहे, सर्च आहे, कीबोर्ड आहे, ते काम कसंही होतं आणि दिवसातून एकदा होतं. खरा वेळ जातो तो नंतर, म्हणजे ब्राउजरच्या चार विंडो, दोन-तीन टर्मिनल, एडिटर, कुठेतरी मागे चालू असलेली गाणी, एक पीडीएफ जी मगाशीच उघडली होती आणि आता सापडत नाहीये, या सगळ्यात ये-जा करताना. तेव्हा डॉक किती कामाचा आहे हे चालू असलेल्या प्रोग्रामवर तो किती ताबा देतो यावर ठरवायचं असं माझं मत आहे, आणि या एका गोष्टीसाठी लिनक्सवर मला प्लँक सगळ्यात जास्त आवडतो.

थोडी माहिती आधी. प्लँक हा व्हाला भाषेत लिहिलेला अगदी हलका डॉक आहे. ग्नोम डू नावाच्या लाँचरमधून डॉकी निघाला, आणि डॉकीतलं मोजकं तेवढं घेऊन नव्याने लिहिला तो प्लँक. एलिमेंटरी ओएस नावाच्या लिनक्समध्ये कित्येक वर्षं हाच डॉक होता, २०२४ मध्ये आलेल्या आठव्या व्हर्जनपासून त्यांनी स्वतःचा नवीन बनवला. आजही उबुंटू, डेबियन, मिंट वगैरे लिनक्सच्या रेपॉझिटरीतून (त्यांच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरच्या साठ्यातून) एका कमांडमध्ये इन्स्टॉल होतो.

आता क्लिकचं बघा. आयकॉनखाली एक ठिपका दिसला तर प्रोग्रामची एक विंडो चालू आहे, दोन दिसले तर एकापेक्षा जास्त. चालू प्रोग्रामवर साधं क्लिक केलं की तो पुढे येतो, परत क्लिक केलं की मिनिमाइझ होतो. यात एक बारकावा आहे जो कुणी सांगत नाही, मिनिमाइझ होताना त्या वर्कस्पेसवरच्या (म्हणजे एकाच स्क्रीनवरच्या वेगवेगळ्या आभासी डेस्कटॉपपैकी त्या एकावरच्या) त्या प्रोग्रामच्या सगळ्याच विंडो एकदम खाली जातात आणि पुढच्या क्लिकला सगळ्या एकदम वर येतात. म्हणजे टर्मिनलच्या तीन विंडो शेजारीशेजारी लावून ठेवल्या असतील तर एका क्लिकमध्ये तिन्ही गायब, एका क्लिकमध्ये तिन्ही जागच्या जागी. मला हे फार सोयीचं वाटतं, कारण मी काम प्रोग्रामनुसारच वाटून ठेवते. पण ज्यांना फक्त एकच विंडो खाली घालायची असते त्यांना हे खटकेल, त्यांनी विंडोच्या टायटलबारवरचंच बटण वापरावं. प्रोग्राम दुसऱ्या वर्कस्पेसवर असेल तर क्लिक तुम्हाला तिकडे घेऊन जातं.

नवीन विंडो हवी असेल तर मिडल क्लिक, किंवा कंट्रोल दाबून क्लिक. लॅपटॉपच्या टचपॅडवर मिडल क्लिक करणं जरा कटकटीचं असतं म्हणून कंट्रोलवालं लक्षात ठेवा.

आणि स्क्रोल! माझ्यासाठी प्लँकचं सगळ्यात मोठं सुख हे आहे. चालू प्रोग्रामच्या आयकॉनवर माउस नेऊन चाक फिरवायचं, की त्या प्रोग्रामच्या विंडो एकामागून एक पुढे येत जातात. ऑल्ट टॅबमध्ये सगळ्या जगाच्या विंडोंची रांग लागते, इथे फक्त त्या एकाच प्रोग्रामच्या, त्यामुळे नजर शोधत बसत नाही, हवी ती दिसली की चाक थांबवायचं आणि कामाला लागायचं. एका झटक्यात दहा विंडो पळून जाऊ नयेत म्हणून दोन स्क्रोलच्या मध्ये थोडासा थांबा पण ठेवलाय, ज्याने कोणी हे केलं त्याने रोज वापरून केलंय हे कळतं. मात्र सेटिंगमध्ये याचा कुठेही उल्लेख नाही, कित्येक लोक वर्षानुवर्षं प्लँक वापरतात आणि त्यांना हे माहीतच नसतं.

राइट क्लिकच्या मेनूत चालू असलेल्या प्रोग्रामच्या विंडोंची नावानिशी यादी येते, त्यातून थेट उडी मारता येते. वर क्लोज असतं, एकापेक्षा जास्त विंडो असतील तर क्लोज ऑल. हे क्लोज म्हणजे प्रोग्रामला रीतसर विनंती असते, जबरदस्तीने मारणं नाही, त्यामुळे न सेव्ह केलेली फाइल असेल तर प्रोग्राम नेहमीसारखा विचारतो. हे चांगलंच आहे. पण अडकून बसलेल्या प्रोग्रामला यातून काही होत नाही, मॅकच्या डॉकमध्ये ऑप्शन दाबून मेनू उघडला की फोर्स क्विट मिळतं तसं इथे काही नाही, त्यासाठी टास्क मॅनेजर किंवा टर्मिनलच गाठावं लागतं.

पण या मेनूची खरी ताकद वेगळीकडे आहे आणि त्यावर मला जरा सविस्तर लिहायचंय. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्रामची एक डेस्कटॉप फाइल असते, साधी टेक्स्ट फाइल, आणि तिच्यात ॲक्शन्स लिहिता येतात. ब्राउजरवर राइट क्लिक केल्यावर न्यू प्रायव्हेट विंडो दिसतं ते तिथूनच येतं. या ॲक्शन्स तुम्ही स्वतः वाढवू शकता. सिस्टमची मूळ फाइल बदलायची नाही (अपडेट आलं की तुमचे बदल पुसले जातील), ती होम फोल्डरच्या आतल्या डॉट लोकल, मग शेअर, मग ॲप्लिकेशन्स या फोल्डरमध्ये त्याच नावाने कॉपी करायची, सिस्टम तुमच्या कॉपीलाच प्राधान्य देते. मग ॲक्शन्सच्या ओळीत नवीन नाव टाकायचं, खाली त्या नावाचा छोटा सेक्शन करायचा, त्यात मेनूत दिसणारं नाव आणि चालवायची कमांड. झालं.

आता यातून आधीच चालू असलेला प्रोग्राम कसा काय हलतो, कारण कमांड तर नवीनच चालते ना. तर बरेच प्रोग्राम असे बनवलेले असतात की त्यांची दुसरी कॉपी सुरू करायला गेलं तर ती आधी चालू असलेल्या कॉपीला निरोप देते आणि स्वतः बंद होते, हा निरोप बहुतेक वेळा डी-बस नावाच्या आतल्या टपालातून जातो. फायरफॉक्सला नवीन टॅबची कमांड दिली की नवा फायरफॉक्स उघडत नाही, आहे त्यातच टॅब उघडतो, ते असंच. गाण्यांच्या प्लेअरसाठी तर याहून छान सोय आहे, एमप्रिस नावाचं एक ठरलेलं स्टँडर्ड आहे, रिदमबॉक्स, व्हीएलसी आणि असे अनेक प्लेअर ते बोलतात, आणि प्लेअर-सीटीएल (playerctl) नावाचा छोटा कमांडलाइन प्रोग्राम टाकला की प्ले-पॉज, नेक्स्ट, प्रीव्हियस सगळं एकेका ओळीत होतं. मी माझ्या प्लेअरच्या आयकॉनला या तिन्ही ॲक्शन लावल्यात, विंडो वर आणायची गरजच पडत नाही, राइट क्लिक, पुढचं गाणं, संपलं. एकाच वेळी दोन प्लेअर चालू असतील तर कमांडमध्ये प्लेअरचं नाव द्यायचं, नाहीतर गाण्याऐवजी ब्राउजरमधला व्हिडिओ थांबेल. एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरला हे जन्मजात येत नाही, त्याला एमप्रिसचं वेगळं प्लगइन टाकावं लागतं.

असंच एडिटरला, मेलला, नोट्सच्या प्रोग्रामला, ज्याला ज्याला चालू असताना कमांड घेता येते त्या प्रत्येकाला करता येतं. मेलसाठी नवीन मेल लिहायची ॲक्शन तर जरूर लावा.

फाइल ओढून आयकॉनवर सोडली की ती त्याच प्रोग्राममध्ये उघडते, हे पण नीट चालतं. आणि काही प्रोग्राम आयकॉनवर न वाचलेल्या मेसेजचा आकडा किंवा डाउनलोडची पट्टी दाखवतात, प्लँक तेही दाखवतो.

आता एक त्रास जो जवळजवळ प्रत्येकाला होतो, डॉकवर पिन केलेल्या आयकॉनवर क्लिक केलं की प्रोग्राम उघडतो खरा पण त्याचा दुसराच एक आयकॉन शेजारी येऊन बसतो, आणि पिन केलेल्याखाली ठिपका येतच नाही. म्हणजे ताबा सगळा त्या नवख्या आयकॉनकडे. जावामध्ये बनवलेले आणि इलेक्ट्रॉनवर (वेबच्या तंत्राने डेस्कटॉप प्रोग्राम बनवायची चौकट) बनवलेले प्रोग्राम यात पुढे असतात. लोक यासाठी डॉकला नावं ठेवतात, पण यात डॉकचा दोष फार थोडा. विंडो स्वतःची ओळख एका नावाने सांगते, तिला डब्ल्यूएम क्लास म्हणतात, आणि डॉकने ती ओळख डेस्कटॉप फाइलशी जुळवायची असते, दोन्हीकडे नावं वेगळी असली तर बिचाऱ्याने जुळवायचं कसं. उपाय सोपा आहे, टर्मिनलमध्ये एक्स-प्रॉप (xprop) ही कमांड चालवायची, माउसचा क्रॉस झाला की त्या विंडोवर क्लिक करायचं, जो क्लास दिसेल तो डेस्कटॉप फाइलमध्ये स्टार्टअप डब्ल्यूएम क्लासच्या (StartupWMClass) ओळीत लिहायचा. प्रोग्राम बंद करून परत उघडा, तरी नाही झालं तर प्लँक एकदा रीस्टार्ट करा. हे एकदा केलं की कायमचं सुटतं, आणि दुसऱ्या कुठल्याही डॉकवर गेलात तरी तीच फाइल उपयोगी पडते.

सेटिंग्ज शोधताना नवीन माणूस हमखास अडकतो, कारण त्या कंट्रोल दाबून डॉकवर राइट क्लिक केल्यावर उघडतात. तिथे फक्त चालू वर्कस्पेसचे प्रोग्राम दाखवायचा पर्याय आहे, वर्कस्पेस वापरणाऱ्यांनी तो चालू करून बघाच, डॉक एकदम मोकळा होतो. लपण्याच्या पद्धतींपैकी इंटेलिहाइड मला पटते, चालू प्रोग्रामची विंडो डॉकवर आली तरच तो लपतो. आयकॉन लॉक करायची सोय पण आहे, चुकून ओढला जाऊन आयकॉन उडत नाही.

न आवडलेलं पण सांगते. विंडोचा प्रिव्ह्यू नाही, माउस नेला की फक्त नाव दिसतं. एकाच नावाच्या तीन विंडो असतील तर यादीतूनही कळत नाही कुठली कुठली, मग स्क्रोलच करावं लागतं. दुसरं म्हणजे कीबोर्ड. विंडोज की आणि आकडा दाबून त्या नंबरचा प्रोग्राम पुढे आणायची सोय विंडोजच्या टास्कबारमध्ये आहे, ग्नोम डेस्कटॉपच्या डॅश टू डॉक या एक्स्टेंशनमध्ये आहे, प्लँकमध्ये नाही. ज्यांचा हात कीबोर्डवरून उठत नाही त्यांना हे खूप जाणवेल. डॅश टू डॉकमध्ये क्लिकने काय व्हावं, स्क्रोलने काय व्हावं हेही निवडता येतं, मिनिमाइझ, प्रिव्ह्यू, विंडो बदलणं, जे हवं ते. उबुंटूचा स्वतःचा डॉक त्याच्यावरूनच बनवलाय, १७.१० पासून, त्यामुळे तिथे स्क्रोल आणि क्लिकचे हे बदल जी-सेटिंग्जच्या (gsettings, ग्नोमच्या सेटिंग टर्मिनलमधून बदलायची कमांड) करता येतात. पर्याय जास्त आहेत हे मान्यच, पण मला प्लँकचं आधीपासून ठरलेलं वागणं पटतं आणि मला काही बदलावंसं वाटलेलं नाही. केडीई प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपच्या टास्क मॅनेजरमध्ये (तिथल्या चालू प्रोग्रामच्या पट्टीत) तर प्रिव्ह्यूमध्येच गाण्याची बटणं येतात आणि आवाज करणारा प्रोग्राम आयकॉनवरच म्यूट करता येतो, हे प्लँकमध्ये असतं तर मी अजून काही मागितलं नसतं.

सगळ्यात गंभीर गोष्ट म्हणजे वेलँड. लिनक्सवर विंडो स्क्रीनवर दाखवायची जुनी व्यवस्था म्हणजे एक्स-११ आणि तिची जागा घेणारी नवी म्हणजे वेलँड, आणि प्लँक एक्स-११ साठी बनलेला आहे. एक्स-११ वर कुठलाही प्रोग्राम दुसऱ्याच्या विंडोंची यादी वाचू शकतो, त्यांना पुढे आणू शकतो, बंद करायला सांगू शकतो, आणि डॉकचा अख्खा ताबा यावरच उभा आहे. वेलँडने सुरक्षेसाठी हे मुद्दाम बंद केलं, आणि ते योग्यच आहे, कुठल्याही प्रोग्रामला बाकीच्यांच्या विंडोत डोकावता येणं बरं नाही. पण त्यामुळे प्लँकसारख्या बाहेरून आलेल्या डॉकला विंडो दिसतच नाहीत. ग्नोमचा डॅश टू डॉक चालतो कारण तो ग्नोम शेलच्या आतच राहतो. उबुंटूने २५.१० पासून ग्नोमचं एक्स-११ सेशन काढूनच टाकलंय, म्हणजे तिथे प्लँकचा विषय संपला, डॅश टू डॉकच घ्या. केडीईवर वेलँड असेल तर खालचं पॅनल तरंगतं करून त्यात फक्त आयकॉनवाला टास्क मॅनेजर लावा, वर सांगितलेली म्यूटची सोय फुकटात मिळते.

मिंटचं सिनॅमन, माते किंवा एक्सएफसीई यांपैकी एखादा डेस्कटॉप एक्स-११ वर वापरत असाल तर मात्र प्लँक बिनधास्त टाका. त्यातही मूळ प्लँकपेक्षा प्लँक रीलोडेड नावाचा फोर्क (मूळ कोडवरून दुसऱ्यांनी पुढे नेलेली आवृत्ती) बघा, तो याच तीन डेस्कटॉपसाठी केलेला आहे. टाकल्यावर पहिल्यांदा वर्कस्पेसचा पर्याय लावा, मग प्लेअरच्या डेस्कटॉप फाइलमध्ये त्या तीन ॲक्शन, आणि दुहेरी आयकॉन येणारे प्रोग्राम लगेच एक्स-प्रॉपने दुरुस्त करून टाका.