बघायची गंमत की हाताळायची?

उशाशी ठेवायला दिवा हवा, तो कामाचा तर हवाच पण जरा खेळकरही हवा, म्हणून शोधायला बसलं की दोन जातींचे दिवे समोर येतात. एकाची गंमत नुसतं बघून कळते, दुसऱ्याची हात लावल्याशिवाय कळत नाही. माझा कौल आधीच सांगते: रोज वापरायची वस्तू असेल तर दुसरा घ्या.

पहिल्या जातीतला ठसठशीत नमुना म्हणजे सशाचा दिवा. 'फ्रंट' या स्वीडिश डिझायनर गटाने २००६ साली 'मोई' या डच कंपनीसाठी तो केला. काळाभोर ससा आणि त्याच्या डोक्यावर लॅम्पशेड. याच मालिकेत खऱ्या घोड्याच्या मापाचा घोडाही आहे! बघताक्षणी हसू येतं, आणि असं हसू आणणं सोपं नाही. पण उजेडाच्या कामात सशाचा काहीच वाटा नाही. तीच शेड साध्या दांडीवर बसवली तरी वाचायला तेवढंच दिसेल.

आता 'एक्लिसे' बघा. इटालियन भाषेत एक्लिसे म्हणजे ग्रहण. इटालियन डिझायनर विको माजिस्त्रेत्ती यांनी १९६५ मध्ये 'आर्तेमिदे' या दिव्यांच्या कंपनीसाठी हा दिवा केला आणि १९६७ मध्ये त्याला इटलीचा 'कोंपासो द'ओरो' हा डिझाइनचा मानाचा पुरस्कार मिळाला. उंची जेमतेम १८ सेंटीमीटर. पत्र्याचे तीन अर्धगोल: एक बैठक, दुसरा बाहेरचं स्थिर कवच आणि तिसरा आत बल्बभोवती फिरणारा. आतली वाटी बोटाने सरकवायला लागलात की बल्ब हळूहळू झाकला जातो. आधी भरपूर उजेड, मग चंद्रकोर, आणि वाटी पूर्ण फिरली की कडेने फक्त एक बारीक कंकण उरतं. शेजारी कुणी झोपलेलं असताना दोन पानं वाचायची असतील, तर कोर आपल्या बाजूला ठेवायची आणि पुस्तक मिटलं की कंकणावर आणायचं. इथे गंमत काढून टाकली तर दिवाच उरत नाही.

दोषही सांगायला हवेत. उजेड अडतो, बल्ब मात्र तेवढाच जळत राहतो, म्हणजे वीज वाचत नाही. पिवळ्या बल्बच्या काळात पत्रा चांगलाच तापायचा आणि बोटाला चटका बसायचा. एलईडी लावला की ती तक्रार जवळजवळ मिटते.

फर्निचरमध्येही हेच दोन घाट दिसतात. इटालियन डिझायनर एत्तोरे सोत्सास यांनी 'मेम्फिस' या डिझायनर गटासाठी १९८१ मध्ये केलेलं 'कार्लटन' हे रंगीत लॅमिनेटचं फडताळ हात पसरून उभ्या असलेल्या माणसासारखं दिसतं. खोलीचा नूर बदलून टाकतं ते. मात्र तिरक्या फळ्यांच्या कोनांत जागा वाया जाते आणि पुस्तकांची सलग रांग लागत नाही. अॅना कास्तेल्ली फेरिएरी यांचे 'कार्तेल' या इटालियन फर्निचर कंपनीसाठी केलेले 'कॉम्पोनिबिली' हे प्लास्टिकचे गोल कप्पे उलट वागतात. एकावर एक नुसते रचायचे, स्क्रू नाही की खिळा नाही. दाराला कडी नाही, बोट घालायला एक भोक आहे आणि दार गोलाईतून सरकतं. वह्या-फायली ठेवायच्या असतील तर मात्र घेऊ नका, गोल कप्प्यात चौकोनी वस्तू नीट बसत नाहीत.

मग ससा कुणी घ्यावा? बैठकीच्या खोलीत रिकामा कोपरा असेल, तिथे वाचन होणार नसेल आणि येणाऱ्याची नजर जावी असं वाटत असेल, तर खुशाल घ्या. तिथे एक्लिसे ठेवलात तर एवढासा गोळा कुणाच्या लक्षातही येणार नाही.

स्वतः दिवा डिझाइन करत असाल तर कागदावरच्या चित्रापेक्षा पुठ्ठ्याचा कच्चा नमुना लवकर करा. वाटी किती अंशात फिरते, ती सैल पडून आपोआप घसरते का, हे चित्रात दिसत नाही. आणि विकत घेणार असाल तर दुकानात आधी डोळे मिटा. आडवं पडल्याची कल्पना करून एकाच हाताने बटण शोधा. ते वायरवर असेल तर वायर पलंगाच्या मागे घसरल्यावर हात पोचेल का, ते तिथेच मोजून बघा.